चिंधीची गोष्ट, आरोग्याची गोष्ट



श्रीकृष्णाचे बोट कापले आणि रक्ताची धार लागली. जखमेला बांधावयास चिंधी हवी म्हणून नारदमुनी प्रथम सुभद्रेच्या महाली गेले. ती पाठची बहीण. पण तिच्या घरी सारे शालू आणि पैठण्या, त्यांत फाडण्याजोगी चिंधी कोठून सापडावी? मग ते द्रौपदीच्या दारी आले. तिने क्षणाचाही विचार न करता अंगावरचे भरजरी वस्त्र फाडले आणि चिंधी पुढे केली. पुढे कौरवसभेत त्या चिंधीची परतफेड कशी झाली, हे मराठी घरातील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. मोठी माणसे या कथेतून बंधुप्रेमाचे तात्पर्य काढतात आणि ते योग्यच आहे. तथापि ऐकणाऱ्या चार-पाच वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहते ते वाहते रक्त आणि त्यावर आवळलेले वस्त्र. रक्त वाहू लागले की जखम बांधावी, हा प्रथमोपचाराचा पहिला धडा त्याला नकळत मिळून गेलेला असतो. त्याला कोणी ‘आरोग्यशिक्षण’ असे भारदस्त नाव दिलेले नसते, इतकेच.

मराठी घरात मूल आणि कापड यांचे नाते जन्मापासूनचे आहे. आजीच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचे दुपटे, कानांवर ओढलेली कुंची, थोरल्या भावंडांच्या कपड्यांचे तुकडे जोडून शिवलेली गोधडी, तापात कपाळावर ठेवलेली पाण्याची घडी, खरचटल्यावर गुडघ्याला बांधलेली पट्टी, असा हा क्रम आहे. मुलाचे सुखदुःख पहिल्याप्रथम जाणते ते कापडच. गोधडीवर पाय पसरून मूल एकेका तुकड्यावर बोट ठेवते आणि विचारते, ‘हा कोणाचा?’ आई सांगते, ‘हा मामाच्या सदऱ्याचा, हा आत्याच्या परकराचा.’ अशा रीतीने अक्षरओळख होण्यापूर्वीच घरातले एक सचित्र पुस्तक त्याने वाचून काढलेले असते.

असे असूनही मुलांना आरोग्याविषयी काही सांगण्याची वेळ आली, की समाज हा सारा ठेवा बाजूस सारतो आणि भिंतीवर एक छापील तक्ता टांगतो. हात धुवा, पाणी उकळा, डास टाळा! तक्त्यातील आज्ञा खऱ्या असतात, चित्रेही नीटनेटकी असतात. पण ती कोणा परक्याने परक्यासाठी काढलेली असतात. मूल त्यांच्याकडे पाहते आणि पुढे जाते. आरोग्याची गोष्ट मुलाच्या मनात उतरावयाची असेल, तर ती त्याच्या हाताला ओळखीच्या वस्तूंतून आणि शक्य तर त्याच्याच हातून साकार झाली पाहिजे. हा विचार इंदूरकरांना परका वाटू नये. शतकापूर्वी या शहराने तो रस्त्यावर उतरवून दाखविला आहे.

तो काळ प्लेगचा होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग प्रकट झाला आणि पुढील वर्षी पुण्यात त्याने हाहाकार केला. रोगापेक्षाही रोगाच्या बंदोबस्ताची धास्ती लोकांनी अधिक घेतली. घरात शिरणारे शिपाई, बाहेर फेकलेले सामान, माणसांची ताटातूट या आठवणी घरोघर सांगितल्या जात. पॉल लुई सिमाँ या फ्रेंच संशोधकाने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून उंदराच्या अंगावरील पिसवा हा रोग पसरवितात, असे दाखवून दिले. परंतु शास्त्रज्ञांना जे कळले ते गल्लीबोळांतील बायाबापड्यांना आणि मुलांना कसे कळावे? त्यांच्या लेखी साहेब दिसला, की त्याच्या मागोमाग प्लेग येणार, एवढेच खरे होते.

अशा वातावरणात तिसरे तुकोजीराव होळकर यांच्या कारकिर्दीत पॅट्रिक गेडिस इंदुरात आले. मूळचे हे स्कॉटलंडमधील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. पुढे नगररचनेचे मर्मज्ञ म्हणून त्यांची ख्याती झाली आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापन त्यांनी सुरू केले. इंदूरच्या दरबारास त्यांनी सादर केलेला नगरविकासाचा अहवाल १९१८ मध्ये येथेच होळकर सरकारच्या छापखान्यात छापून निघाला. जुन्या गल्ल्या हातातील नकाशासह ते पायी पालथ्या घालीत, तेव्हा बायामुले त्यांना पाहून घरात पळत, कोणी शापही देत. प्लेग आणणारा म्हातारा साहेब तो हाच, अशी कुजबुज चाले. हा अनुभव त्यांनीच पुढे आपल्या स्नेह्यांना सांगितला आणि त्यांच्या चरित्रांतून तो नमूद झाला आहे.

या भीतीवर त्यांनी शोधलेला उपाय विलक्षण होता. महाराजांकडे त्यांनी एका दिवसाचे राज्य मागितले. १९१७ च्या दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही, असे जाहीर झाले. ज्या गल्लीतील घरे अधिक झाडलेली, डागडुजी केलेली आणि रंगविलेली असतील, त्या गल्लीतून ती जाणार होती. ही घोषणा होताच शहरात चुरस लागली. सहा हजारांवर गाड्या कचरा घरांतून आणि परसांतून निघाला आणि तो विनामूल्य वाहून नेण्यात आला. हजारो उंदीर पकडले गेले. दंडाच्या धाकाने जे घडले नसते, ते आपल्या दारावरून मिरवणूक जावी या हौसेने घडले.

मग ती मिरवणूक निघाली. आरंभी हत्ती, घोडेस्वार आणि लष्कर असा संस्थानी थाट होता. शेती, व्यापार आणि कापडगिरण्या यांचे देखावेही होते. त्यानंतर वाद्यांचे सूर बिघडले आणि उदास देखावे दिसू लागले. मोडकळीस आलेली घरे, रोगराईची भुते आणि रामलीलेतील रावणाप्रमाणे उभारलेला घाणीचा प्रचंड राक्षस त्यांत होता. त्याच्यासमवेत प्लेगचा अगडबंब उंदीर होता आणि त्याच्या सर्वांगावर रोग पसरविणारे कीटक थरथरत होते. सिमाँने प्रयोगशाळेत जे सिद्ध केले होते, ते इंदूरच्या पोरासोरांनी त्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहिले. उंदीर, त्याच्या अंगावरची पीस आणि घरातली घाण यांची साखळी समजण्यास अक्षरओळखीची गरज उरली नाही.

उदास भाग संपला आणि थोडे अंतर सोडून आनंदाचा भाग सुरू झाला. तो सुरू कोणी केला, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. पुढे चालत होते शहराचे झाडूवाले. अंगावर नवे पांढरेशुभ्र कपडे, डोईला नवी पागोटी, झाडूंना फुलांच्या माळा, नव्याने रंगविलेल्या गाड्या आणि सजविलेले बैल असा त्यांचा डौल होता. ज्यांची सावली टाळली जाई, त्यांनाच त्या दिवशी रोगावर विजय मिळविणाऱ्या सेनेचा मान मिळाला. त्यांच्यामागे कारागीर चालले होते. शहरात पुढे उभारावयाच्या सार्वजनिक वास्तूंच्या प्रतिकृती होत्या आणि त्यांत ग्रंथालयही होते, याचा या वास्तूत आवर्जून उल्लेख केला पाहिजे. शेवटी सिंहासनावर बसलेली ‘इंदूरनगरी’ ही नवी देवता आली. तिच्या ध्वजेवर शहराचा आराखडा रेखाटलेला होता. लोकांना तुळशीची रोपे वाटण्यात आली. रात्री उद्यानात घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर यांचे शोभेच्या दारूच्या लखलखाटात दहन झाले.

पुढे प्लेग ओसरला. त्याचे सारे श्रेय एका मिरवणुकीस देणे शास्त्राला धरून होणार नाही. साथीला तिचे ऋतुमान असते आणि घरोघरी झालेल्या सफाईचा वाटाही मोठा होता. पण लोकांच्या मनातले भय ओसरले, हे गेडिस यांनी आवर्जून सांगितले आहे. जो साहेब प्लेग आणणारा ठरला होता, तो आता आपला वाटू लागला. नाव नसलेल्या भयाला रूप मिळाले आणि ते रूप हाताने घडविता, पाहता व जाळता आले, हे त्यामागील खरे रहस्य होय.

येथे एक शंका उपस्थित होते आणि ती टाळून पुढे जाणे बरे नव्हे. आरोग्यशिक्षणाच्या क्षेत्रात एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. एका खेड्यात कार्यकर्त्याने माशीचे हातभर लांब चित्र टांगले आणि माशीपासून होणारे रोग समजावून सांगितले. श्रोत्यांनी लक्षपूर्वक ऐकले आणि शेवटी सुटकेचा निःश्वास टाकून म्हटले, ‘आमच्याकडच्या माश्या एवढ्या मोठ्या नसतात, तेव्हा आम्हाला भीती नाही!’ मग इंदूरच्या त्या अगडबंब उंदराने असा घोटाळा का केला नाही? एवढे मोठे उंदीर आमच्या घरी नसतात, असे कोणी का म्हटले नाही?

उत्तर परंपरेत आहे. रावणाला दहा डोकी असतात, ती कोणी मोजमाप म्हणून पाहत नाही. ती त्याची शक्ती सांगतात. कुंभकर्णाचा देह, पूतनेचे रूप, गणपतीचे पोट यांचा आकार म्हणजे अर्थ होय, हे भारतीय मूल आईच्या मांडीवर शिकलेले असते. रावणाच्या रांगेत उंदीर उभा राहिला, तेव्हा त्याचा आकार आपोआप त्याच्या दुष्टपणाचा आकार झाला. तक्त्यावरची माशी मात्र त्या भाषेत बोलत नव्हती. तिने स्वतःला शास्त्रीय चित्र म्हणवून घेतले होते आणि शास्त्रीय चित्राकडून लोक प्रमाणाची अपेक्षा करतात. देवी निर्मूलनाच्या मोहिमेत कार्यकर्ते देवीच्या फोडांनी भरलेल्या मुलाचे चित्र घेऊन गावोगाव फिरले आणि ‘असा रोगी कोठे पाहिलास का?’ असे शाळकरी मुलांनाही विचारीत गेले. तेथे चित्र तंतोतंत असणे हेच त्याचे काम होते, आणि १९७५ मध्ये या देशातील देवीचा शेवटचा रोगी नोंदला गेला, त्यात त्या साध्या चित्राचाही वाटा होता. एक चित्र ओळख पटविण्यासाठी असते, दुसरे मनाला हलविण्यासाठी. दोहोंची गल्लत झाली की माशीचा हत्ती होतो आणि गोष्ट फसते.

हाताने घडविलेल्या चित्रातून कथा सांगण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाचे चित्रकथी कागदावर रंगविलेल्या चित्रांच्या पोथ्या उलगडून रामायण-महाभारतातील आख्याने सांगत आले. वाद्याच्या साथीवर एकेक चित्र पुढे येते आणि कथा पुढे सरकते. सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने टिकलेल्या या कलेच्या जतनासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ चा पद्मश्री किताब जाहीर झाला. बंगालमध्ये मेदिनीपूरकडील नया गावच्या पटुआंनी हीच रीत पुढे नेली. देवदेवतांच्या पटांबरोबर त्यांनी एड्ससारख्या रोगाचे पट रंगविले आणि गाऊन दाखविले.

या संदर्भात बिहारमधील सुजनीचे उदाहरण तर थेट मराठी दुपट्याच्या कुळातील आहे. जुन्या साड्यांचे तुकडे एकत्र शिवून नवजात बालकाला गुंडाळण्याची तेथे रूढी होती. मऊ झालेले जुने वस्त्र बाळाला आईच्या कुशीसारखे वाटावे, हा त्यामागील भाव. मुजफ्फरपूर जिल्ह्यातील भुसरा गावी १९८८ च्या सुमारास या कलेचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा स्त्रियांनी फुलापानांबरोबर आपल्या आयुष्यातील प्रसंग त्यावर टाक्यांनी रेखाटले. मुलींचे शिक्षण, हुंडा, आजार आणि दवाखाना हे विषय गोधडीवर आले. ज्या बाईला चारचौघांत तोंड उघडता येत नव्हते, ती सुईने बोलू लागली. मुलांच्या दृष्टीने याचे महत्त्व वेगळेच आहे. ज्या वस्त्रात मूल झोपते त्यावरच त्याच्या रक्षणाची कथा असणे, याहून जवळचे पुस्तक कोणते असेल?

शास्त्रीय आरोग्यशिक्षणानेही कापडाची योग्यता ओळखलेली आहे. जबलपूरहून प्रसिद्ध होणाऱ्या आणि देशभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या हाती असणाऱ्या पार्क यांच्या सामाजिक वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात फ्लॅनेलच्या फलकाचे वर्णन आहे. लाकडी फळीवर खरखरीत फ्लॅनेल किंवा खादी ताणून बसवावी. चित्रे कापून त्यांच्या पाठीला काचकागदाचा किंवा जाड कापडाचा तुकडा चिकटवावा. चित्र फलकाला लावताच ते तेथे धरून राहते. खिळा नको, डिंक नको. महात्माजींच्या खादीला मिळालेले हे आणखी एक काम म्हणावयाचे. भिंतीवरचा छापील तक्ता सारे काही एकदम सांगून मोकळा होतो, तर खादीच्या फलकावर कथा एकेका पावलाने घडते. विहीर येते, मग विहिरीकाठी धुणे येते, मग पाण्यात मिसळणारी घाण येते, आणि मग सांगणारा थांबतो व विचारतो, ‘आता काय करावे?’ एखादे मूल उठते आणि धुण्याचा दगड उचलून विहिरीपासून दूर नेऊन लावते. त्या क्षणी ते श्रोता राहत नाही. इंदूरजवळच्या कस्तुरबाग्रामाने ग्रामसेविका घडविण्याचे कार्य केले आणि खादीही जोपासली. त्या परंपरेच्या शेजारी राहणाऱ्या शहरास या फलकाचे मोल वेगळे सांगावयास नको.

परंतु सर्वांत हृद्य उदाहरण भोपळ्याचे आहे. मेक्सिकोच्या डोंगराळ भागात काम करणारे डेव्हिड वर्नर आणि त्यांचे सहकारी बिल बॉवर यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आरोग्यसेवकांच्या प्रशिक्षणावरील पुस्तकात ते सविस्तर दिलेले आहे. वाळलेल्या भोपळ्याला माथ्याशी तोंड करावयाचे, डोळे-तोंड रंगवून त्याचे बाळ बनवावयाचे आणि खालच्या बाजूस भोक पाडून त्याला बूच बसवावयाचे. भोपळा पाण्याने काठोकाठ भरावयाचा आणि माथ्यावरील तोंडावर पातळ ओले फडके अंथरावयाचे. ते फडके म्हणजे बाळाची टाळू. आता मुलांनी बूच काढावे. पाणी वाहू लागते, बाळाला जुलाब झाले. आणि मुलांच्या डोळ्यांदेखत माथ्यावरचे फडके हळूहळू आत ओढले जाते. टाळू खोल गेली! बूच काढले असतानाच वरून पाणी ओतीत राहिले, की फडके पुन्हा सपाट होते.

या हातभर चिंधीने जे शिकविले त्याचे मोल मराठी घराला विशेष कळावे. आपल्याकडे बाळाची टाळू भरण्याची, म्हणजे तिच्यावर तेल घालण्याची रीत आहे. तेल घालण्यात माया आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण जुलाबाने कोमेजलेल्या बाळाची खोल गेलेली टाळू वरून तेल घालून भरत नाही. ती भरते तोंडावाटे दिलेल्या पाण्याने. जुलाब होत असताना पाणी दिले तर जुलाब वाढतील, या समजुतीने कित्येक बाळांना तहानलेले ठेवले गेले आणि ती गेली. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मीठ-पाण्याचे मिश्रण तोंडावाटे देऊन असंख्य रोग्यांचे प्राण वाचविले. त्या मिश्रणाचे शास्त्र ग्लुकोज आणि सोडियम यांच्या आतड्यातील शोषणाचे आहे. मुलाला ते कळण्याची गरज नाही. फडके वर आले, एवढे कळले की पुरे. दवाखान्यात जलसंजीवनीचे पाकीट मिळतेच. ते हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा लहान सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते पाणी थोडे थोडे पाजीत राहावे आणि अंगावरचे दूध थांबवू नये. बाळ सुस्त झाले किंवा पिईनासे झाले, तर विलंब न लावता वैद्यकीय मदत घ्यावी. एवढी गोष्ट आठ-दहा वर्षांच्या ताईला पाठ झाली, तर तिच्या कडेवरचे भावंड सुरक्षित झाले.

ताईचा उल्लेख हेतुपूर्वक केला आहे. १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालवर्ष म्हणून साजरे झाले, त्या सुमारास डेव्हिड मॉर्ले या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांच्या पुढाकाराने ‘मुलाकडून मुलाकडे’ ही चळवळ सुरू झाली. गरीब घरांत धाकट्याला सांभाळते ते थोरले भावंड. तेव्हा आरोग्याची गोष्ट प्रथम त्यालाच सांगावी, हे तिचे सूत्र होते. आणि भोपळ्याचे म्हणावयाचे तर म्हातारीला पोटात घेऊन वाघाच्या तावडीतून लेकीकडून सुखरूप घरी आणणारा भोपळा मराठी मुलांना आधीपासूनच ठाऊक आहे. त्याच भोपळ्याने आता बाळाला वाचवावे, ही कथा रचण्यास फारशी प्रतिभा लागू नये.

या शहरात अशा हस्तकौशल्याचा एक थोर आचार्य होऊन गेला. विष्णू चिंचाळकर, सर्वांचे गुरुजी, यांचा जन्म १९१७ चा. ज्या वर्षी प्लेगचा उंदीर जळाला त्याच वर्षी ते जन्मले, हा योगायोग मोठा गोड आहे. देवळालीकर मास्तरांच्या चित्रशाळेत बेंद्रे आणि हुसेन यांच्यासारखे चित्रकार घडले, त्याच परंपरेतील हे शिष्य. रंग आणि कुंचला यांवरील प्रभुत्व सिद्ध केल्यानंतर ते वाळकी पाने, काटक्या, बिया, दगड आणि चिंध्या यांकडे वळले. टाकाऊ म्हणून फेकलेल्या वस्तूत आधीपासूनच एखादा पक्षी, एखादा म्हातारा, एखादे अक्षर दडलेले असते, ते फक्त पाहावयास शिकावे, ही दृष्टी त्यांनी मुलांना दिली. मुलांसाठी त्यांनी ‘खुलते अक्षर खिलते अंक’ हे पुस्तक केले. २००० साली ते गेले. त्यांच्या शिकवणुकीचा आरोग्यकथेच्या दृष्टीने एक मोठा लाभ आहे. सफाईदार छापील चित्रापुढे मूल आपला हात मागे घेते. चिंधीच्या वाकड्या बाहुलीपुढे ते पुढे सरसावते, कारण तशी बाहुली त्यालाही करता येणार असते. आणि स्वतः केलेली बाहुली आजारी पडली, की तिला बरे करण्याची जबाबदारीही त्याचीच ठरते.

तथापि या मार्गावर काही पथ्ये पाळावी लागतात. पहिले पथ्य असे, की भीतीला वाट दिल्याशिवाय भीती दाखवू नये. गेडिस यांनी राक्षस दाखविला, पण त्याच्या मागोमाग झाडूवाल्यांची फुलांनी सजलेली सेनाही आणली. मुलाला नुसता डास दाखवून अंधार करू नये. मच्छरदाणी कशी खोचावी आणि कूलरमधले साठलेले पाणी केव्हा ओतावे, हेही त्याच गोष्टीत आले पाहिजे. दुसरे पथ्य, रोगाच्या कथेत कोणा माणसाला राक्षस करू नये. राक्षस घाणीचा असावा, घाण उपसणाऱ्याचा नव्हे. क्षयाचा असावा, खोकणाऱ्या शेजाऱ्याचा नव्हे. मुले गोष्टीतला खलनायक शाळेच्या अंगणात शोधतात आणि एखाद्या दुबळ्या मुलाला तो शिक्का बसतो. तिसरे पथ्य, चित्र तयार झाल्यावर ते न समजावता मुलांपुढे ठेवावे आणि ‘काय दिसते?’ असे विचारावे. उत्तर चुकले तर मूल चुकले असे न मानता चित्र उसवून पुन्हा शिवावे. चौथे अगदी घरगुती आहे. आरोग्याची गोष्ट सांगणारे कापड स्वतः स्वच्छ असावे. बाहुली धुता यावी, उन्हात वाळविता यावी, तिचे बटण तान्ह्याच्या तोंडात जाईल असे सैल नसावे. मळकी बाहुली हात धुण्याचा उपदेश करू लागली, तर मुले तिला हसतील आणि ते योग्यच होईल.

२०१७ पासून स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात इंदूर वर्षानुवर्षे अग्रस्थानी राहिले. पहाटे कचरागाडीचे गाणे ऐकून जागी होणारी मुले या शहरात वाढत आहेत. हा गौरव रास्त आहे. मात्र स्वच्छ रस्ता ही आरोग्याची एक बाजू झाली. घरातले पाणी, बाळाची टाळू, लसीची तारीख, मुलीच्या रक्तातले लोह या गोष्टी रस्त्यावर दिसत नाहीत. त्या दिसाव्यात म्हणून कोणीतरी त्यांना रूप द्यावे लागते.

ते काम करण्यास ग्रंथालयाइतके योग्य स्थान दुसरे नाही. मराठी ग्रंथालयाच्या बालविभागात पुस्तके आहेत, आणि ज्यांच्या ट्रंकांत जुनी लुगडी, शालूंचे तुकडे आणि आयुष्यभराचे टाके साठलेले आहेत अशा आजीबाई सभासदांतच आहेत. शहरात डॉक्टर आहेत, चित्रकार आहेत, आणि कापडगिरण्यांच्या या गावाला चिंध्यांची वाण कधीच नव्हती. आजीने शिवावे, डॉक्टरांनी मजकूर तपासावा, मुलांनी ‘काय दिसते?’ याचे उत्तर द्यावे आणि त्यातून एक कापडी पुस्तक सिद्ध व्हावे. भोपळ्यातल्या बाळाची गोष्ट त्याच्या सहा पानांत सहज मावेल. ते फाटणार नाही, मळले तर धुता येईल आणि ज्या घरात कोणाला वाचता येत नाही त्या घरीही ते बोलेल. शताब्दीच्या वर्षी ग्रंथालयाच्या नोंदवहीत ‘प्रकार : वस्त्र’ अशी एक नोंद पडली, तर पूर्वसूरींना त्याचा आनंदच वाटेल.

द्रौपदीने फाडलेले वस्त्र भरजरी होते. त्याची किंमत तिने पाहिली नाही, कारण समोर वाहणारे रक्त तिला दिसत होते. आजच्या चिंधीला तेवढेही मोल मोजावयाचे नाही. ती तर ट्रंकेच्या तळाशी घडी होऊन पडलेलीच आहे. ती बाहेर काढावयाची, धुवावयाची आणि सुईत दोरा ओवावयाचा.